रस्ता हातापर्यंत किती येऊ द्यायचा

एका जुन्या गाडीतून काढलेला स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दात्यांचा दांडा, बरेच दिवस माझ्या टेबलावर पडून होता. उघडून बघू म्हणून आणलेला, आणि उघडून बघू म्हणून आणलेल्या वस्तूंचं जे होतं तेच त्याचं झालं. भाची आली होती, तिला हलणारं काहीही चालतं, तिने आधी वरचा दांडा पकडून पिनियन, म्हणजे रॅकच्या दात्यांत बसणारा छोटा गिअर, फिरवला, रॅक सुळकन एका बाजूला सरकला, उलटं फिरवलं, परत आला. इथपर्यंत ठीक. मग तिने टाय रॉडचं, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं, टोक तळव्याने जोरात आत ढकललं आणि वरचा दांडा गर्रकन स्वतःच फिरला. "मामा, हे उलटंपण चालतं," एवढंच म्हणाली आणि दुसऱ्याच कशाच्या तरी मागे पळाली.

आता गिअरची जोडी आहे, इकडून फिरवा नाहीतर तिकडून ढकला, दोन्हीकडून चालणारच, यात नवल काही नाही. पण ते डोक्यात अडकून राहिलं. कारण स्टिअरिंगचा विचार आपण कायम वरून खाली करतो, मी वळवतो आणि गाडी वळते, संपलं. आणि इथे ते यंत्र टेबलावर आडवं पडलंय आणि वर कोण आणि खाली कोण याचा त्याला पत्ताच नाही, हाताचा जोर आणि खड्ड्याचा जोर त्याच्या लेखी सारखेच. म्हणजे गाडी डिझाइन करणाऱ्या कुणालातरी हे ठरवावं लागत असणार की खालून जे येतंय त्यातलं वर किती जाऊ द्यायचं. सगळं जाऊ दिलं तर हात भरून येतील, काहीच नाही दिलं तर गाडी रस्त्यावर आहे की हवेत हेच कळणार नाही. याच नादात शेवटी एकदाचा तो रॅक उघडला, आणि जे जे भाग निघत गेले त्या प्रत्येकात हाच प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात दडून बसलेला दिसला.

जुन्या ग्रीसचा एक वास असतो, थोडा जळका थोडा लोखंडी, तो नखात जाऊन बसतो आणि साबणाने जात नाही. त्या काळ्या चिकट थराखालून पिनियन निघाला तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे तो किती लहान असतो. अंगठ्याएवढा जाड. दीड टनाची गाडी वळवणारा भाग, आणि दाते मोजले तर सात. दातेही सरळ नाहीत, तिरपे, आणि मुळाशी चांगले भरलेले. आता ज्याने ज्याने गिअर डिझाइनचा एक तरी पेपर दिलाय त्याला हे बघून किंचित चावणार, कारण तिथे घोकून घेतलेलं असतं की २० अंशांच्या प्रेशर अँगलला (दाते एकमेकांना ज्या कोनात ढकलतात तो) पिनियनचे दाते १७ पेक्षा कमी नकोत, नाहीतर दाते कापताना कटरच दात्याचं मूळ पोखरून टाकतो, अंडरकट होतो आणि दाता कमजोर पडतो. पुस्तकात सतरा आणि हातात सात.

मग सतराच दाते का नाहीत? हे कागदावर करून बघण्यासारखं आहे, दोन मिनिटांचं काम. दात्याचा आकार मॉड्यूलमध्ये मोजतात, समजा मॉड्यूल २ मिलीमीटर. सरळ दात्यांचा हिशोब धरला तर पिनियनच्या एका फेरीत रॅक पाय (π) गुणिले मॉड्यूल गुणिले दाते एवढा सरकतो. सात दात्यांना ४४ मिलीमीटर, सतराला १०७. रॅकची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची सगळी धाव असते साधारण १५० मिलीमीटर. म्हणजे सात दात्यांत स्टिअरिंग या लॉकपासून त्या लॉकपर्यंत, म्हणजे एका बाजूच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, साडेतीन फेऱ्यांच्या आसपास फिरतं, जे आपल्याला ओळखीचं वाटतं. सतरा दात्यांत दीड फेरीसुद्धा नाही, आणि गाडी हायवेवर शिंकेला लेन बदलेल. बरं, मग सतरा दाते ठेवून मॉड्यूलच बारीक करावा का, तर दाते इतके नाजूक होतील की पहिल्या फुटपाथच्या कडेला सोलून निघतील. थोडक्यात जागा फार अरुंद आहे. पिनियन लहान हवा, दाते दणकट हवेत, म्हणजे दाते मोजकेच बसणार.

आणि त्यातून वाट काढायच्या ज्या युक्त्या आहेत त्या मला फार आवडतात, अगदी मनापासून. एक म्हणजे दाते तिरपे करायचे. ३० अंशांचा तिरपेपणा दिला की ती १७ ची मर्यादा १२ वर येते, शिवाय एक दाता सुटायच्या आत पुढचा पकड घेतो त्यामुळे हाताला टकटक जाणवत नाही. सात सरळ दाते असते तर प्रत्येक दाता बदलताना कळला असता. दुसरी युक्ती प्रोफाइल शिफ्ट, म्हणजे कटर पिनियनपासून थोडा बाहेर धरून दाते कापायचे, मूळ जाड होतं आणि अंडरकट टळतो. पण फार बाहेर धरला तर दात्याचा माथा निमुळता होत होत सुरीसारखा होतो आणि हार्डनिंगनंतर तो टोकाला ठिसूळ. म्हणजे मुळाशी मिळवायचं ते माथ्याशी द्यायचं. तिरप्या दात्यांचंही फुकट काही नाही, ते पिनियनला त्याच्याच अक्षावर वर-खाली ढकलतात, मग ते रेटणं सोसेल असं बेअरिंग लागतं. पुस्तकातला १७ खोटा नाहीच, तो फक्त सरळ दात्यांचा आणि काहीही न हलवता कापलेल्या गिअरचा आकडा आहे. पण परीक्षेत हे कोण सांगतं.

रॅकच्या मागे, पिनियनच्या बरोब्बर समोर, एक जाड स्क्रू प्लग असतो. तो सोडवला की आतून स्प्रिंग उडी मारून बाहेर येते आणि तिच्यामागे अर्धगोल खाच असलेला एक गट्टू, त्याला योक म्हणतात किंवा रॅक गाइड. सगळ्या असेंब्लीत माझा सगळ्यात लाडका भाग हाच. काम काय, तर रॅकला पाठीमागून पिनियनवर दाबून धरायचं. कारण दोन गिअर दातात दात घालून बसले की त्यांच्यात किंचित मोकळीक राहतेच, ती शून्य केली तर फिरणारच नाहीत. आणि ती मोकळीक इथे अजिबात परवडत नाही, स्टिअरिंग सरळ धरलेलं असताना ते मधल्या दोन-तीन दात्यांवरच आयुष्य काढतं, तिथलेच दाते झिजतात, आणि मग हात थोडा हलतो पण चाक हलत नाही. स्प्रिंग ती झीज भरून काढत राहते. पण नुसती स्प्रिंगही चालत नाही, खड्ड्याचा दणका आला की तिरप्या-निमुळत्या दात्यांमुळे रॅक पिनियनपासून मागे उडायला बघतो, तेव्हा योकला मागे जायला फार जागा नको. म्हणून प्लग आवळायचा आणि मग थोडासा, अगदी थोडासा, मागे फिरवायचा. मिलीमीटरच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी फट. जास्त सोडली तर खडबडीत रस्त्यावर डॅशबोर्डच्या खालून खडखड खडखड, आणि लोक सस्पेन्शन बदलत बसतात. जास्त आवळली तर घर्षण वाढतं, वळणावरून बाहेर पडताना स्टिअरिंग स्वतःहून मध्यावर येत नाही, ओढून आणावं लागतं.

गाडी कशी "वाटते" याचा मोठा हिस्सा त्या फटीत आहे.

स्टिअरिंग स्वतःहून सरळ येणं हा त्या उलट्या चालण्याचाच प्रताप. पुढची चाकं ज्याभोवती डावी-उजवीकडे वळतात तो अक्ष किंचित मागे झुकवलेला असतो, आणि टायर जमिनीला जिथे टेकतो तिथलं बाजूचं बल त्या अक्षाच्या मागे पडतं, त्यामुळे चाक सरळ व्हायला बघतं, रॅकला ढकलतं, रॅक पिनियनला फिरवतो आणि सैल सोडलेल्या हातातून स्टिअरिंग सरकत मध्यावर येतं. ही वाट बंद केली की हे सगळं बंद. आणि गंमत अशी की कितीतरी वर्षं ती वाट मुद्दाम बऱ्यापैकी बंद ठेवली जायची. जुन्या गाड्यांत वर्म आणि सेक्टर, म्हणजे स्क्रूसारखा गिअर आणि त्यात अडकणारा दात्यांच्या चाकाचा तुकडा, असायचा, आणि वर्मचा स्वभावच असा की वरून खाली सहज फिरतो पण खालून वर फिरायला कुरकुर करतो. रस्ते वाईट, टायर अरुंद, पॉवर स्टिअरिंगचं नावच नाही, तेव्हा ड्रायव्हरचे मनगट वाचवणं ही खरी गरज होती. मग त्यात बॉल घालून घर्षण कमी केलं, ते रिसर्क्युलेटिंग बॉल, ट्रकमध्ये अजून आहे आणि तिथे ते योग्यच आहे. पण मध्ये इतके दांडे, इतके सांधे, की रस्त्यापासून हातापर्यंत यायला प्रत्येक सांध्यावर थोडं थोडं गळतंच.

रॅक मात्र कल्पना म्हणून जुना. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या पेटंटच्या तीनचाकीतच पुढचं एकुलतं चाक दात्यांच्या पट्टीने वळायचं. तरी चारचाकी गाड्यांत तो रुळायला वेळ गेला. सिट्रोएनने त्यांच्या ट्रॅक्शन अवांवर १९३६ मध्ये रॅक-पिनियन बसवला, अॅलेक इसिगोनिस या ब्रिटिश डिझायनरने १९४८ च्या मॉरिस मायनरला दिला आणि पुढे १९५९ च्या मिनीला, आणि त्या छोट्या स्वस्त गाड्या चालवून लोकांना पहिल्यांदा कळलं की स्टिअरिंग बोलतं. अमेरिकेत गाड्या अवजड, तिथे १९७० च्या दशकापर्यंत तो फारसा शिरलाच नाही. मला यात एक बारीकसा न्याय दिसतो, की रॅक घेतला तो बहुतेक जागा आणि खर्च वाचवायला, भाग कमी म्हणून, आणि सोबत जे आलं त्याची किंमत नंतर कळली.

काय आलं सोबत? अंधारात काठी टेकत चालताना काठीच्या टोकाला दगड लागला की माती हे हाताला कळतं, हात काही जमिनीला लागलेला नसतो, तसं. मी शिकलो ती गाडी बिनपॉवर स्टिअरिंगची, पातळ कडक रिंग, तिच्यावर हाताच्या घामाने गुळगुळीत झालेले दोन पट्टे. थांबल्या जागी वळवायला खांद्यातून जोर लावावा लागायचा आणि पार्किंग करून उतरलो की दंड थरथरायचे. पण सुटली की ती गाडी सतत काहीतरी सांगत असायची. डांबर संपून खडी लागली की हातात बारीक खरखर, पांढऱ्या पट्ट्यावरून चाक गेलं की एक गुळगुळीत क्षण, आणि पावसात वेग जरा जास्त झाला की स्टिअरिंग अचानक हलकं पडायचं, लोण्यासारखं, आणि पोटात खड्डा पडायचा कारण हलकं म्हणजे पकड सुटतेय. हे कुणी शिकवलं नव्हतं. आता त्या आठवणीवर फार माया करायची नाही असं मी स्वतःला बजावतो, कारण तेव्हा त्या जडपणाला मी रोज शिव्या घालायचो, आणि वयस्कर माणसांना, मनगट दुखणाऱ्यांना ती गाडी चालवताच यायची नाही हेही खरंच आहे.

तो जडपणा आकड्यात बघितला की दंड का थरथरायचे ते कळतं. उभ्या गाडीत चाक वळवताना टायर जागच्या जागी घासत फिरतो, ते सगळ्यात वाईट. मध्यम गाडीत रॅकवर तेव्हा पाचेक हजार न्यूटन येणं सहज शक्य आहे, म्हणजे साधारण पाचशे किलोचं ओझं. आपल्या ४४ मिलीमीटरवाल्या पिनियनची त्रिज्या ७ मिलीमीटर, गुणाकार केला की ३५ न्यूटन-मीटर. स्टिअरिंगची त्रिज्या १९० मिलीमीटर धरली तर हाताने रिंगेवर १८० न्यूटनच्या वर, म्हणजे अठरा-एकोणीस किलोचा ओढा, तोही वळवता वळवता, आणि यात घर्षण धरलेलंच नाही. इथे डिझायनरच्या हातात काय आहे? पिनियन अजून लहान करा, म्हणजे दाते अजून कमी, जे आधीच सात आहेत. चाकाजवळचा स्टिअरिंग आर्म, म्हणजे टाय रॉड ज्याला जोडलेला असतो तो चाकाचा दांडा, लांब करा, मग तेवढंच चाक वळवायला रॅक जास्त सरकवावा लागेल. कसंही करा, हात हलका केला की फेऱ्या वाढतात. १२० मिलीमीटरचा आर्म घेतला तर एका फेरीत चाक साडेएकवीस अंश वळतं, म्हणजे गुणोत्तर सोळा-सतराला एक, बहुतेक गाड्या याच्याच आसपास असतात. बिनपॉवरच्या गाड्यांत ते वीसच्याही वर न्यायचे आणि चौकात वळताना हातावर हात टाकत बसायचं.

यावर एक जबरदस्त तोडगा ऑस्ट्रेलियाच्या आर्थर बिशपने काढला, की रॅकचे सगळे दाते सारखे असलेच पाहिजेत असं कुणी सांगितलंय? पिनियन तोच, पण रॅकवर मधले दाते वेगळ्या आकाराचे आणि कडेचे वेगळे, त्यामुळे मध्यावर एका फेरीत रॅक जितका सरकतो त्याहून कडेला कमी किंवा जास्त सरकतो. बिनपॉवरच्या गाडीला कडेला कमी सरकणारा हवा, तिथेच तर जोर लागतो. पॉवरवाल्या गाडीला बरोब्बर उलट, मध्यावर संथ म्हणजे हायवेवर गाडी शांत, आणि कडेला चपळ म्हणजे पार्किंगला फेऱ्या कमी. असा रॅक हातात घेऊन उजेडात तिरपा धरला की दात्यांचा उतार हळूहळू बदलत जाताना दिसतो. लोखंडात कोरलेला ग्राफच तो.

रॅक सरळ रेषेत सरकतो पण चाकं सारखी वळून चालत नाहीत, हे पुढचं लफडं. वळणावर आतल्या चाकाचं वर्तुळ लहान, बाहेरच्याचं मोठं, मग आतलं जास्त वळलं पाहिजे. गाडीची दोन चाकांतली रुंदी दीड मीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर अडीच मीटर धरलं आणि आतलं चाक ३० अंश वळलं, तर बाहेरचं सव्वातेवीसच्या आसपास वळायला हवं. हे जमवायला स्टिअरिंगचे आर्म किंचित तिरपे ठेवतात. ही कल्पना म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याची, पण १८१८ मध्ये लंडनला पेटंट घेतलं त्याच्या एजंटने, रुडॉल्फ आकरमनने, आणि दोनशे वर्षं झाली, नाव एजंटचंच चाललंय. रॅकने ते तंतोतंत साधत नाही, जवळपास साधतं, आणि खरं सांगायचं तर तंतोतंत कुणाला नकोच असतं. वेगात टायर दाखवतो त्या दिशेला जातच नाही, थोडा घसरत जातो, आणि बाहेरच्या चाकावर वजन जास्त, त्यामुळे रेसिंगवाले कधीकधी दोन्ही चाकं समांतर ठेवतात किंवा उलटंच करतात. पण अगदी कमी वेगात, गुळगुळीत फरशीच्या पार्किंगमध्ये पूर्ण वळण घेताना टायर किंचाळतात ना, त्यातलं बरंचसं या तडजोडीचं बिल असतं.

आणि रॅक अॅक्सलच्या पुढे ठेवायचा की मागे? हा प्रश्न कागदावर फालतू वाटतो. पण आर्म चाकाच्या पुढे असेल तर डावीकडे वळायला रॅक डावीकडे जायला हवा, मागे असेल तर उजवीकडे. म्हणजे पुढच्या रॅकला पिनियन रॅकच्या मागून भिडवायचा आणि मागच्या रॅकला पुढून. यात गल्लत झाली तर गाडी उलटी वळते, आणि कॉलेजच्या पोरांनी रात्ररात्र जागून बनवलेल्या गाड्यांचं हे अगदी जगप्रसिद्ध दुःख आहे, सगळं वेल्डिंग झालेलं असतं, सगळे टाळ्या वाजवायला उभे असतात, आणि ड्रायव्हर डावीकडे वळवतो. आर्म पुढे घेतला तर आकरमनसाठी तो बाहेरच्या बाजूला झुकायला हवा, आणि तिथे नेमकी ब्रेकची डिस्क नाहीतर चाकाची रिम. मागे घेतला तर इंजिन नाहीतर गिअरबॉक्स. जागा कुणीच कुणाला देत नाही, आणि स्टिअरिंगवाला बहुतेक सगळ्यात शेवटी मीटिंगला पोचलेला असावा असं बऱ्याच गाड्यांखाली वाकून बघितल्यावर वाटतं.

खालून येणाऱ्या सगळ्याच गोष्टी खऱ्या असतात असंही नाही. काही गाड्या स्पीडब्रेकरवरून जाताना स्टिअरिंगला स्वतःहून एक झटका देतात, रस्ता सरळ, हात सरळ, तरी गाडी क्षणभर दुसरीकडे बघते. याला बंप स्टिअर म्हणतात आणि याचा उगम बहुतेकदा रॅकच्या उंचीत किंवा टाय रॉडच्या लांबीत असतो. चाक वर-खाली होतं तेव्हा सस्पेन्शनचा आर्म एका कमानीत फिरतो, आणि टाय रॉड त्याच्या स्वतःच्या कमानीत. दोन्ही कमानी जुळल्या तर ठीक, नाही जुळल्या तर चाक वर जाताना टाय रॉड त्याला आत ओढतो किंवा बाहेर ढकलतो, म्हणजे कुणी न वळवता चाक वळतं. रॅक काही मिलीमीटर वर-खाली बसला तरी हे बिघडू शकतं. म्हणून टाय रॉडच्या आतल्या बॉल जॉइंटची जागा मनाला येईल तिथे ठेवता येत नाही, ती सस्पेन्शनच्या भूमितीतून निघते, आणि रॅकची लांबी त्यावरून ठरते. शिवाय रॅक बॉडीला ज्या रबरी बुशांवर बसतो ते मऊ घेतले तर थरथर मरते पण सगळी जुळणीच बाजूला सरकते, कडक घेतले तर प्रत्येक खडा ऐकू येतो. रबराच्या त्या दोन कड्यांवर मीटिंगा होत असतील याची मला खात्री आहे.

युनिव्हर्सल जॉइंटचंही, म्हणजे कोनात जोडलेल्या दोन दांड्यांमधल्या सांध्याचंही, असंच. ड्रायव्हरपासून पिनियनपर्यंतचा दांडा सरळ जातच नाही, मध्ये पेडल येतात, इंजिन येतं, आणि अपघातात तो सरळ छातीत घुसू नये म्हणूनही तो मोडता आलेला बरा. पण हा जॉइंट कोनात चालला की फिरणं सारखं पुढे देत नाही. ३० अंशांच्या कोनात एकसारखं फिरवलं तरी पुढचा दांडा एका फेरीत दोनदा मंद होतो आणि दोनदा जलद, ०.८७ पट ते १.१५ पट. म्हणून दोन जॉइंट लावतात आणि एकाची चूक दुसऱ्याने पुसावी असे एकमेकांशी जुळवतात. कुणी दुरुस्तीत दांडा काढून एक खाच चुकवून बसवला की स्टिअरिंग एका फेरीत जड-हलकं-जड-हलकं लागायला लागतं, आणि मालक शपथेवर सांगतो की रॅक गेलाय.

पॉवर स्टिअरिंगने मात्र सगळा खेळच बदलला. १९५१ मध्ये क्रायस्लरने इम्पीरियल गाडीत हायड्रॉलिकवालं विकायला आणलं, आणि रॅकमध्ये तर ते फार देखणं बसतं, रॅकच्या दांड्यावरच पिस्टन, बाहेर सिलिंडर, तेल ज्या बाजूला सोडाल तिकडे तो रॅकला रेटतो. तेल किती आणि कुठे सोडायचं हे ठरवते पिनियनच्या वर बसवलेली एक बारीक टॉर्शन बार, हाताने जोर लावला की ती थोडी पिळली जाते आणि व्हॉल्व्ह उघडतो. सगळी मदत त्या पिळण्यावर. बार जाड घेतली तर मदत उशिरा येते पण हाताला काहीतरी कळतं, बारीक घेतली तर एका बोटाने वळतं आणि कळत काहीच नाही. पुढे इलेक्ट्रिक आलं, १९८८ च्या सुझुकी सर्व्होपासून, तेल गेलं आणि इंजिनवर सदा फिरणारा पंप गेला, इंधन वाचलं, पण ती पिळली जाणारी बार राहिलीच, फक्त आता तिचं पिळणं सेन्सर मोजतो आणि मोटर जोर लावते. लहान गाड्यांत मोटर वर कॉलमवरच, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावरच, असते, मग तिचा सगळा जोर त्या सांध्यांतून आणि त्या सात दात्यांतून खाली जातो. मोठ्या गाड्यांत ती खाली, थेट रॅकवर, बेल्ट आणि बॉल नट लावून, म्हणजे पिनियनवरचा भार वाचतो. आणि कॉलमवरच्या मोटरला जोडलेला असतो तो पुन्हा वर्म गिअर! शंभर वर्षांपूर्वी हाताला वाचवायला होता तोच. खालून येणारी बारीक खरखर त्याच्या घर्षणात आणि मोटरच्या जडत्वात जिरते. मग सॉफ्टवेअरवाले घर्षण वजा करायचा प्रोग्रॅम लिहितात, परत येणं जमावं म्हणून वेगळा लिहितात, थरथर मारायचा अजून वेगळा.

रॅकचा दांडा टेबलावर पुसून ठेवला तेव्हा तो खिडकीतल्या उजेडात अगदी किंचित वाकलेला दिसला. गाडीला कधीतरी मार बसला असणार. आणि हे वाकणंही ठरवलेलं असतं, दाते इंडक्शनने वरवर कडक करतात आणि आतलं पोलाद चिवट ठेवतात, टाय रॉडही असाच, कारण मोठा दणका बसला तर वाकायला हवं, तुटता कामा नये. वाकलं तर स्टिअरिंग तिरकं राहतं, गाडी एका बाजूला ओढते, ड्रायव्हरला कळतं. तुटलं तर कळून उपयोग नसतो. टोकाचे रबरी बूट मात्र फाटलेले होते, आत गंजाची लालसर पूड. बूट म्हणजे सगळ्यात स्वस्त भाग, पाणी आणि माती आत जाऊ न देणारा, आणि रॅक मरतात ते बहुतेक दात्यांमुळे नाही, याच्यामुळे.

आता पुढची पायरी म्हणजे मधला दांडाच नको. इन्फिनिटीने २०१३ मध्ये क्यू-५० आणली तेव्हा दांडा ठेवला होता पण त्यात क्लच, एरवी सुटलेला, बिघाड झाला तरच जुळणार. टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये तोही नाही, नुसत्या तारा. खाली रॅक आहेच, तो कुठे गेला नाही, पण हातात जे येतं ते स्टिअरिंगच्या मागची एक मोटर बनवून देते. मला याचं दुःख व्हायला हवं होतं पण तसं सरळ होत नाही. गुणोत्तर वेगाप्रमाणे हवं तसं बदलता येईल, बिशपने जे लोखंडात कोरलं ते प्रोग्रॅमच्या दोन ओळींत होईल, मनगट दुखणाऱ्यांनाही तीच गाडी चालवता येईल. प्रश्न एवढाच की वर काय पाठवायचं हे आता घर्षण आणि बुश आणि योकची फट मिळून ठरवत नाहीत, कुणीतरी माणूस बसून ठरवतो. ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकं पडतं तो तुलनेने संथ बदल आहे, तो वेगळा काढून हातापर्यंत नीट पोचवता येईल, आणि तो गाळला तर मात्र मी भांडेन. खडीची खरखर आणि खड्ड्याचा दणका हे दोन्ही जलद, एक गाळायला गेलं की दुसरी थोडीफार जातेच. कुणी मला निवडायला सांगितलं तर मी दणक्यासकट खरखर घेईन, आणि सेटिंगमध्ये दुसरा पर्याय ठेवा म्हणेन, शहरात संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये मीच तो आधी लावेन.